वाढ कशाने मोजावी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्या समाजाची पुढची पिढी आता केवळ पेढीवर बसत नाही. कोणाची कन्या बालमानसशास्त्र शिकते, कोणाची सून विशेष शिक्षण वा वाचोपचार. शिक्षण संपले की त्यांना मुलांसाठी वर्तनोपचाराचे केंद्र काढावयाचे असते आणि भांडवल घालणारे वडील वा सासरे तुमच्या-माझ्यासारखे व्यापारी असतात. केंद्र चालू लागले की आपला प्रश्न ठरलेला, "दुसरी शाखा केव्हा?" ह्या प्रश्नाला होकार देण्यापूर्वी काय पाहावे, एवढाच आजचा विषय आहे. मी उपचारक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. म्हणून उपचाराविषयी जाणत्यांनी लिहिलेले वाचून, हिशेबाच्या अंगाने बोलतो.

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक फिरून आले की आपल्याला समाधान. येथे नेमके उलटे आहे. मूल आपले मागणे सांगू लागले, स्वतःच्या हाताने जेवू लागले, शाळेत रमले आणि केंद्रात येण्याची त्याची गरज कमी झाली, तर काम साधले. प्रत्येक मुलाची गरज पूर्णपणे सरत नाही, काहींना आयुष्यभर आधार लागतो, हे खरे. तरीही दिशा तीच. ज्या कार्याचे यश गरज कमी होण्यात आहे, त्याची वाढ गल्ल्यावरून मोजता येत नाही.

ह्या उपचाराचा इतिहास पाहा. स्वमग्न मुलांसाठी सघन वर्तनोपचाराचा पाया अमेरिकेत घातला गेला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील इवार लोव्हास यांनी १९८७ साली १९ बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एकेका बालकाबरोबर आठवड्यास सुमारे ४० तास, दोन वर्षे वा अधिक काळ काम झाले होते. त्यांतील ९ मुले सर्वसामान्य शाळेची पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली. परंतु त्याच प्रयोगात दरडावणे आणि मांडीवर चापट मारणे ह्या शिक्षाही होत्या. आज जबाबदार उपचारक अशा शिक्षा त्याज्य मानतात. ४० हा आकडा मात्र बाजारात टिकून राहिला.

तो का टिकला, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. २०१९ पर्यंत अमेरिकेतील सर्व ५० राज्यांनी स्वमग्नतेच्या उपचारांसाठी विम्याची तरतूद केली आणि देयके १५-१५ मिनिटांच्या मापाने होऊ लागली. जेथे मोल वेळेचे, तेथे वेळ वाढविण्याचा मोह आलाच. मोठे भांडवलही मागोमाग आले. डोरीन ग्रॅनपीशे या लोव्हास यांच्या विद्यार्थिनीने १९९० साली स्थापिलेली 'सेंटर फॉर ऑटिझम अँड रिलेटेड डिसऑर्डर्स' ही संस्था २०१८ साली ब्लॅकस्टोन ह्या गुंतवणूक कंपनीने घेतली. पुढे कर्ज, जागांची भाडी, वाढते पगार आणि महामारीचा फटका यांचा भार पेलेना. शंभराहून अधिक केंद्रे बंद झाली आणि जून २०२३ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी संस्थापिकेनेच उरलेला व्याप परत विकत घेतला.

आपले एखादे दुकान बंद झाले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. येथे मात्र ज्या मुलाला एका ताईच्या हाताची, आवाजाची सवय होण्यास अनेक महिने लागले, त्याची ताई एके दिवशी दिसेनाशी होते. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

मग वाढूच नये काय? अवश्य वाढावे, पण देखरेखीच्या बेताने. अमेरिकेत मुलाबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्या नोंदणीकृत तंत्रज्ञास ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण असते आणि त्याच्या कामाच्या किमान ५ टक्के तासांवर ज्येष्ठाची देखरेख सक्तीची आहे. म्हणजे महिन्यास १०० तासांमागे केवळ ५ तास. ही किमान मर्यादा झाली, आदर्श नव्हे. जागा महिनाभरात मिळते, फर्निचर आठवड्यात होते, परंतु मुलाच्या रडण्यामागचे कारण ओळखणारा ज्येष्ठ उपचारक घडण्यास वर्षे लागतात. जितके असे ज्येष्ठ, तितक्याच शाखा, हा माझ्या मते पक्का हिशेब.

वाढीचा दुसरा मार्ग आपल्या मुंबईतच आहे. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली 'उम्मीद' ही ना-नफा संस्था स्थापन केली. तिने मुले तपासण्यावरच न थांबता पालक, शिक्षक, डॉक्टर आणि वस्तीपातळीवरील कार्यकर्ते यांना शिकविण्याचे काम हाती घेतले. आपली विद्या दुसऱ्याच्या हाती देणे ही व्यापारात जोखीम मानली जाते. येथे तीच खरी वाढ आहे. आईला शिकविलेली एक गोष्ट स्वयंपाकघरात, अंगणात, प्रवासात दिवसभर उपयोगी पडते आणि तिचे देयक निघत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करते. लेकराच्या काळजीत पडलेली आई घासाघीस करीत नाही, सांगाल तितके तास मान्य करते. म्हणून संयमाची सारी जबाबदारी मापे ठरविणाऱ्यावर येते.

तेव्हा भांडवल देणाऱ्या माझ्या बंधूंना विनंती, की वर्षअखेरीस मुलीला वा सुनेला नफा विचारण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. किती मुलांचे तास कमी करता आले? किती पालक स्वतः शिकले? किती उपचारक टिकले? मुलाने अंग चोरले, नको म्हटले, तेव्हा त्याचे ऐकले गेले काय? उत्तरे समाधानकारक असतील तर दुसरी शाखा आनंदाने काढा. नसतील तर पहिल्या शाखेतच पुन्हा भांडवल घाला, आणि ते भिंतींत न घालता माणसांच्या शिक्षणात घाला.