चुकलेल्या उत्तराची नोंद



पोलाद कारखान्यात आयुष्य घालवलेली मंडळी येथे बरीच आहेत. भट्टीतले पोलाद ओतण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि कार्बनचे प्रमाण तेव्हाच सुधारता येते, हे मी त्यांना काय सांगावे! तयार रुळाची तपासणी मात्र तो घ्यावा की नाकारावा, एवढेच ठरवते. आपली वार्षिक परीक्षा ही या दुसऱ्या जातीची.

७ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, छत्तीसगड शासनाने ‘पढई तुंहर दुआर’ सुरू केले. आता तर शिकवणीची अ‍ॅप्स घरोघरी आहेत. पालक त्यांत गुण पाहतात. मला मोलाची वाटते ती चुकलेल्या उत्तरांची नोंद. ०.५ आणि ०.२५ यांतील मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला ०.२५ असे उत्तर देणारे मूल निष्काळजी नसते. पाचाहून पंचवीस मोठे, हा नियम त्याने इमानाने पाळलेला असतो. अशा दहा चुका झाल्या तरी दुखणे एकच. आपल्या मुलांचे आणखी एक वेगळेच. हिंदी धड्यातले ‘उनहत्तर’ ऐकून मराठी मूल सहज ७९ लिहील, कारण त्याच्या कानाला ‘हत्तर’ म्हणजे एकाहत्तर-बाहत्तरच्या घरातले. गणित पक्के, चकवा भाषेचा. अ‍ॅपच्या लेखी ती नुसती चूक; मराठी शाळेतल्या बाई ती क्षणात ओळखतील. पण ती नोंद त्यांच्यापर्यंत पोहोचते कुठे?

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय शिकवणीची पद्धतशीर पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली. उत्तरांवरून प्रत्येकाची खरी पातळी हेरून तिथूनच प्रश्न दिले, तेव्हा साडेचार महिन्यांत ठळक प्रगती दिसली. मात्र दीड तासाच्या सत्रातील अर्धा वेळ छोट्या गटात मार्गदर्शकासोबत जात असे. जाहिरातींत हे सहसा येत नाही.

अशा नोंदीने मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का बसण्याचे भयही आहेच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. म्हणून पालकहो, पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: चुकलेली उत्तरे शाळेतल्या शिक्षकांना पाहता येतील का? आणि वर्ष संपल्यावर ती पुसली जातील का?