घरातले इंटरनेट का अडखळते?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या तंत्र-साहाय्य गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बुद्धिदात्याच्या उत्सवात केबलच्या तारेवर भाषण, हे ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. पण हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे सोडून आपण फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुले पुण्याला, बंगळुराला, परदेशी गेली. आता नातवाचे तोंड दिसते ते रात्री नऊला, पडद्यावर. तेवढ्यात चित्र थिजते, आवाज तुटतो. दोनचारदा असे झाले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘राहू दे रे, रविवारी बोलू.’ मग रविवारचेही राहून जाते. काम घरून करणाऱ्यांची आणि परीक्षा देणाऱ्या मुलांची अडचण तर आपण जाणताच.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो मोठा प्लॅन घेण्याचा. नळाला पाणी येत नसेल तर मोठी बादली घेऊन काय उपयोग? आधी पाणी कुठे अडले ते पाहू.

पहिली गोष्ट, आपल्या घरी येणारी तार ओळखा. जाड, गोल, बहुधा काळी किंवा पांढरी, टोकाला आट्यांचा धातूचा कनेक्टर आणि मधोमध तांब्याच्या रंगाची एक तार, ही को-ॲक्सिअल केबल. टीव्हीची असते तीच. काही घरांत केसासारखी बारीक काचेची तार, म्हणजे फायबर, थेट आत येते. काही इमारतींत फायबर खालपर्यंत किंवा गच्चीपर्यंत येऊन पुढे साधी लॅनची वायर असते. आज मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलू. फ्लॅटमध्ये सर्वांत जास्त घोटाळे तिथेच होतात.

दुसरी गोष्ट, दोष तारेचा की वायफायचा हे आधी ठरवा. लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडा आणि वेग पाहा. वायरने चांगला चालला, पण आतल्या खोलीत मोबाइल रडत असेल, तर केबल निर्दोष आहे. राउटर टीव्हीमागून, लोखंडी कपाटाआडून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. वायरनेही तीच रड असेल, तर पुढे चला.

तिसरी गोष्ट, मोडेमलाच विचारा. बहुतेक केबल मोडेमचे एक आतले पान असते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की ते उघडते. आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाका. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. येणाऱ्या सिग्नलची ताकद उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही असावी. उणे १५ ही शेवटची हद्द. सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असावे. जाणाऱ्या सिग्नलचा आकडा साधारण ३५ ते ४९ च्या दरम्यान ठीक. तो ५० च्या पुढे गेला, तर मोडेमला आपले म्हणणे पोचवायला ओरडावे लागते आहे, असे समजा. मोबाइलने त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आता मुख्य आरोपीकडे वळू. त्याचे नाव स्प्लिटर. एका तारेच्या दोन किंवा चार तारा करणारी ती लहानशी डबी. सिग्नल वाटला की कमी होणारच. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला सुमारे साडेतीन डेसिबल जातात, चार वाटांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे सात. तीन डेसिबल गेले म्हणजे ताकद निम्मी झाली, हे ध्यानात ठेवा.

आमच्या पाहणीतले एक घर सांगतो. तिसऱ्या मजल्यावर काका-काकू दोघेच राहतात. मुलगा परदेशी. वर्षभर फोन तुटत होता, दोनदा प्लॅनही वाढवून झाला होता. घरात येणारा सिग्नल शून्य डीबीएमव्ही, म्हणजे उत्तम. पण दारावरच्या माळ्यात चार वाटांचा जुना स्प्लिटर होता, पूर्वी तीन खोल्यांत टीव्ही होते त्या काळचा. तिथे सात गेले. दिवाणखान्यात दोन वाटांचा आणखी एक, तिथे साडेतीन. मधल्या वीसेक मीटर केबलमध्ये अजून साडेतीन. मोडेमपाशी उरले उणे १४. ताकदीच्या हिशेबात पंचविसावा हिस्सा! आता टीव्ही एकच होता. चार वाटांचा स्प्लिटर काढून तिथे तारेला तार जोडणारा साधा जोड बसवला. मोडेमचा आकडा उणे ७ झाला. जाणाऱ्या सिग्नलचा भारही तितकाच हलका झाला. नवा प्लॅन लागला नाही, नवा मोडेम लागला नाही. काकूंनी त्याच रात्री मुलाला सगळी हकीकत सांगितली, आणि तो फोन तुटला नाही.

चौथी गोष्ट, सांधे. कनेक्टर हाताने घट्ट फिरवा, पक्कडीने आवळू नका. टोकाला हिरवट डाग दिसले, तर पाणी शिरले आहे. बाहेरच्या जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेला टेकला असेल, तर तो कनेक्टर कापून नवा घालावा लागतो. खिडकीतून आत येणारी केबल आधी थोडी खाली झुकवून मग आत घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात न येता बाहेरच ठिबकते.

दुखणे कधी उठते, यावरूनही निदान होते. पावसानंतर बिघडत असेल, तर सांध्यात पाणी. ऐन उन्हात बिघडत असेल, तर तापलेल्या तारेत तूट किंचित वाढते आणि काठावरचे कनेक्शन पडते. रोज रात्री आठ ते अकरा वेग मंदावत असेल आणि मोडेमचे आकडे मात्र चांगले असतील, तर ती गर्दी आहे. घरातली तार बदलून तिचा उपाय होणार नाही. ती तक्रार कंपनीकडेच करायची.

कोणी सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर घ्या म्हणाले, तर थांबा. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि साधा टीव्हीचा ॲम्प्लिफायर परतीची वाट बंद करू शकतो. मग इंटरनेट मुळीच चालत नाही.

आणखी एक गोष्ट सोसायटीच्या दृष्टीने महत्त्वाची. केबलच्या व्यवस्थेत अनेक घरांचे परतीचे सिग्नल एकाच तारेवर एकत्र येतात. एका घरातल्या सैल सांध्यातून शिरलेला गोंगाट सगळ्यांना भोवतो. वाड्यात एकाची मोरी तुंबली की साऱ्या चौकात पाणी, तसेच हे. म्हणून बंद फ्लॅटमधल्या मोकळ्या तारा आणि स्प्लिटरची रिकामी तोंडे ७५ ओमचे टोपण लावून बंद करून घ्या. सोसायटीच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.

फायबरवाल्यांसाठी थोडक्यात. डबीवर लाल दिवा लागला, तर प्रकाश पोचत नाही. तार दाराच्या फटीत दबली किंवा तीव्र वळली आहे का, ते पाहा. सुटलेल्या टोकात डोळा लावून मुळीच पाहू नका.

गच्चीवरचे आणि खांबावरचे काम आपले नव्हे. ते केबलवाल्याने करायचे. आपण तारीख, वेळ, हवामान आणि मोडेमचे आकडे वहीत लिहून ठेवायचे. ‘नेट चालत नाही’ म्हटले की समोरून ‘मोडेम बंद करून चालू करा’ असेच उत्तर येते. ‘ताकद उणे १४ आहे, पावसानंतर उणे १८ होते’ असे सांगितले की येणारा माणूस तयारीने येतो. आकड्याला मराठी-गुजरातीची अडचण नसते.

आपल्या गटाकडे नोंदवहीत नाव लिहा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी आम्ही आधी येऊ. आणि शेजारच्या आजी-आजोबांचा फोन बरेच दिवसांत लागत नसेल, तर त्यांनी न सांगताही एकदा डोकावून या. सांधा सैल झाला असेल, हाताने घट्ट होण्याजोगा.

गणपती बाप्पा मोरया!