धारावी बेट : पर्यटन आणि कचऱ्याची व्यवस्था

मिरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेला धारावी बेट आहे. मुंबईतल्या धारावी वस्तीशी त्याचा काही संबंध नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला मनोरीची खाडी आणि पूर्वेला खारफुटी व मिठागरे, अशा सीमांमध्ये ते वसलेले आहे. भाईंदर स्थानकाकडून येणारा रस्ता थेट किनाऱ्यापर्यंत जात असल्याने हे बेट असल्याचे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. चौक, पाली, उत्तन, डोंगरी, तारोडी, मोर्वा, राई, मुर्धे, गोराई, मनोरी ही इथली गावे. कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मासेमारी, भातशेती, भाजीपाला आणि मीठ ही त्यांच्या उपजीविकेची जुनी साधने. यांतली गोराई आणि मनोरी मुंबई महापालिकेत मोडतात, तर उत्तनच्या बाजूची गावे मिरा-भाईंदरमध्ये. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या नगर परिषदेत उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे या ग्रामपंचायती पुढे सामील झाल्या आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी या नगर परिषदेची महानगरपालिका झाली. कारभार शहरी झाला, तरी गावांचे रूप आणि जगणे बऱ्याच अंशी ग्रामीण राहिले.

पर्यटक इथे अनेक कारणांनी येतात. चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला घेतला. आज तिथे चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. उत्तनच्या भाटेबंदरावर वेलंकनी मातेचे तीर्थस्थान असून ८ सप्टेंबरच्या सणाला तिथे भाविकांची मोठी गर्दी होते. गोराईत १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड हे मनोरंजन उद्यान आता बंद आहे, पण २००९ मध्ये उद्घाटन झालेला विपश्यना पॅगोडा पाहायला लोक येतात. याशिवाय मोकळा किनारा, ताजी मासळी आणि शहरापासून तासाभराचे अंतर एवढ्यासाठी शनिवार-रविवारी येणारे लोक वेगळेच. उत्तन ते विरार सागरी सेतू नियोजनात आहे. भाईंदर आणि वसई यांना जोडणारी रो-रो बोटसेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. येणे-जाणे सोपे होईल तशी गर्दी वाढत जाईल, हे उघड आहे.

या बेटावरचा कचरा तीन वाटांनी येतो. पहिली वाट पर्यटकांची. किनाऱ्यावर आलेला माणूस पाण्याची बाटली, वेफर्सची पाकिटे, कागदी कप, थर्माकोलच्या ताटल्या आणि दारूच्या बाटल्या घेऊन येतो. यांतल्या प्लॅस्टिकच्या बाटलीला भंगारवाल्याकडे किंमत मिळते, म्हणून ती कुणीतरी उचलते. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, त्यामुळे या पाकिटांना भाव नाही आणि ती वाळूतच राहतात. फुटलेली काचेची बाटली तर अनवाणी चालणाऱ्या कोळी बायका-मुलांच्या पायाला लागते.

दुसरी वाट शहराची आहे. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती, आणि या शहराचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर नेला गेला. ओला आणि सुका कचरा एकत्र टाकला की तळातल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. तो कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू ज्वालाग्राही असल्याने ढिगाला आग लागते. आग आत धुमसत राहते आणि धूर गावांवर येतो. पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी उताराने शेतात आणि विहिरींकडे उतरते. उत्तन परिसरातील ग्रामस्थांनी या त्रासाविरुद्ध अनेकदा आंदोलने केली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. साचलेला जुना कचरा उकरून, चाळून, त्यातली माती, प्लॅस्टिक आणि दगड वेगळे काढण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. या कामाला बायोमायनिंग म्हणतात. मात्र एका बाजूने जुना ढीग उपसायचा आणि दुसऱ्या बाजूने मिश्र कचरा ओतायचा, असे चालले तर डोंगर कधीच मोकळा होत नाही.

तिसरी वाट पाण्याची. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. बदलापूर, कल्याण, ठाणे या पट्ट्यातल्या शहरांचा जो कचरा नाल्यांतून नदीत पडतो, तो ओहोटीबरोबर याच मुखातून समुद्रात जातो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे आणि उधाणाची भरती तो पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकते. खारफुटीच्या मुळांत अडकलेले प्लॅस्टिक तिथेच राहते आणि चिखलाचा श्वास कोंडते. खारफुटीचे संरक्षण करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला आणि २०१८ च्या अंतिम निकालात तो कायम केला. तोडीपासून झाडे वाचवण्यात त्याचा मोठा उपयोग झाला. वाहून येणाऱ्या कचऱ्याला मात्र निकाल अडवू शकत नाही.

या तिन्ही वाटा अखेर कोळ्यांच्या जाळ्यात एकत्र येतात. उत्तन, पाली, चौक इथे डोल जाळ्याची मासेमारी मोठ्या प्रमाणावर चालते. डोल हे पिशवीच्या आकाराचे जाळे. ते समुद्रात एका जागी रोवून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. बोंबील, करंदी, जवळा ही मासळी अशीच मिळते. या जाळ्याला निवड करता येत नाही. पाण्याबरोबर जे येईल ते सगळे शेवटच्या बारीक भोकांच्या भागात, म्हणजे खोल्यात, जमा होते. खोला प्लॅस्टिकने भरला तर मासळीला जागा उरत नाही, जाळे जड होऊन फाटते आणि बोटीवर मासळी निवडण्यात तास जातात. पावसाळी बंदीनंतर बोटी पाण्यात उतरतात तेव्हा आधीचे दोन महिने खाडीने वाहून आणलेला कचरा समुद्रात असतोच. पुढे बोंबील बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातले जातात. वलांड्यांच्या आसपास घाण साचली की माश्या आणि भटकी कुत्री वाढतात, आणि सुक्या बोंबलाचा दर्जा व दर दोन्ही घसरतात. पर्यटकाने फेकलेल्या पाकिटाची किंमत अशा रीतीने कोळ्याच्या खिशातून जाते. कोळीवाड्यांतून समुद्रात जाणारी फाटकी नायलॉन जाळी आणि थर्माकोलचे तुकडे हाही या कचऱ्याचा एक भाग आहे, आणि त्याची व्यवस्था बंदरावरच व्हायला हवी.

असाच प्रश्न शेजारीही आहे. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये, वसईच्या खाडीत, पाणजू नावाचे खरेखुरे बेट आहे. ते पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात येते. पश्चिम रेल्वेचे पूल त्याच्यावरून जातात. लोकलमधले अनेक प्रवासी पुलावरून निर्माल्य, नारळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या खाडीत फेकतात. होडी नसेल तेव्हा पाणजूचे रहिवासी याच पुलाच्या कडेने चालत जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ डोक्याला लागून पाणजूच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. फेकणाऱ्याच्या मनात श्रद्धा असेल. पण खाली गाव आहे, माणसे आहेत, हे त्याच्या गावीही नव्हते. बेटावरच्या कचऱ्याच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. टाकणारा पुढे निघून जातो आणि राहणाऱ्याला ते सोसावे लागते. पाणजूसारख्या बेटावर आणखी एक अडचण असते. तिथे प्रत्येक वस्तू होडीने येते, आणि तिचा उरलेला भागही होडीनेच बाहेर न्यावा लागतो. तो खर्च कुणी करायचा हे आधी ठरले नसेल, तर कचरा जाळला जातो, पुरला जातो किंवा खाडीत जातो.

कायद्यात या सगळ्याचा विचार झालेला आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ हे महापालिकांबरोबरच तीर्थस्थळांना आणि धार्मिक व ऐतिहासिक महत्त्वाच्या ठिकाणांनाही लागू झाले. कचरा निर्माण होतो तिथेच ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायचा, हा त्यांचा पाया होता. शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर आयोजकाने स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचे आणि वर्गीकरणाची जबाबदारी घ्यायची होती. हॉटेलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. भरावभूमी वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असावी, असेही त्यात होते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. नियम आहेत, उणीव आहे ती किनाऱ्यावर रोज उभे राहून ते पाळून घेणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या पगाराची.

इतर ठिकाणांचे अनुभव इथे उपयोगी पडतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगर परिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरोघरी वर्गीकरण सक्तीचे केले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात, अशी प्रत्येक प्रकाराची वाट ठरवली गेली. कचरा टाकण्याची जुनी जागा बागेत बदलली आणि तीच पाहायला लोक येऊ लागले. वेंगुर्ल्यात अनेक प्रकारांत बारकाईने वर्गीकरण होते, म्हणूनच हे शक्य झाले. यंत्रे नंतर आली. तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घेतले जातात आणि रिकामी बाटली परत दिली की ते मिळतात. डोंगरात फेकल्या जाणाऱ्या बाटल्या त्यामुळे दुकानात परत येऊ लागल्या. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्वच्छता मोहिमेने हजारो हात एकत्र आणले. पण प्रत्येक पावसाळ्यात समुद्र नवा कचरा आणतो, हेही तिथे दिसले. झाडणे आवश्यक आहे. तेवढ्याने कचऱ्याची वाट बंद होत नाही. फिलिपिन्समधले बोराकाय बेट सांडपाणी आणि गर्दीने इतके बिघडले की २०१८ मध्ये सरकारने ते सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवले आणि उघडताना रोजच्या पर्यटकांची मर्यादा ठरवली. मर्यादा आधीच पाळली असती, तर सहा महिने रोजगार बुडाला नसता.

धारावी बेटासाठी यातून एक क्रम निघतो. सर्वांत आधी पर्यटकांची मोजणी हवी. सुट्टीच्या दिवशी किती माणसे येतात हे कळल्याशिवाय किती घंटागाड्या, किती शौचालये आणि किती सफाई कामगार लागतील हे ठरत नाही. त्यानंतर शुल्क. वाहनतळाच्या किंवा फेरीबोटीच्या तिकिटात थोडी रक्कम वाढवून ती फक्त गावातील स्वच्छतेसाठी राखून ठेवता येते. ती रक्कम महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळली, तर गावाला तिचा उपयोग होत नाही. काचेच्या आणि पाण्याच्या बाटल्यांवर निलगिरीसारखी अनामत ठेवली, तर बाटल्या गोळा करून देणाऱ्याला उत्पन्नही मिळेल. हे काम गावातल्या महिला बचत गटांना आणि कचरावेचकांना कराराने द्यावे, हातमोजे, ओळखपत्र आणि ठरलेल्या मोबदल्यासह.

ओला कचरा गावातच जिरवणे हा पुढचा टप्पा. मासळीची डोकी, आतडी, भाजीपाल्याचा पाला आणि उपाहारगृहांतले उरलेले अन्न यांपासून बायोगॅस आणि खत होते, आणि खत घ्यायला इथे शेती आहेच. डोंगरावर जाणाऱ्या मिश्र कचऱ्यातून ओला भाग वजा झाला, तर आग आणि काळे पाणी या दोन्ही गोष्टी कमी होतात. फाटकी जाळी ठेवायला प्रत्येक बंदरावर एक बंदिस्त जागा हवी. समुद्रातून प्लॅस्टिक बाहेर आणणाऱ्या बोटींना त्याबद्दल वजनाप्रमाणे पैसे मिळाले, तर खोल्यात आलेला कचरा पुन्हा पाण्यात टाकला जाणार नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनांचा खर्च उत्पादकांनी उचलावा असे प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम सांगतात. तो पैसा अशा कामांकडे वळवायला हवा. रेल्वेच्या पुलांवरून होणारी फेकाफेक थांबवण्यासाठी स्थानकांवर निर्माल्य कलश आणि पुलांच्या बाजूला जाळ्या हव्यात.

शेवटचा मुद्दा कारभाराचा. खाडी एक, किनारा एक. पण गोराई-मनोरीवर मुंबई महापालिका, उत्तनवर मिरा-भाईंदर महापालिका आणि पाणजूवर ग्रामपंचायत. त्याखेरीज रेल्वे, मेरीटाइम बोर्ड, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए). प्रत्येकाची हद्द जिथे संपते, तिथे कचरा बेवारस होतो. म्हणून या सर्व संस्थांची आणि मच्छीमार सहकारी संस्थांची मिळून एक कायम समिती असावी. तिने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नाले आणि बंदरे तपासावीत, ऑगस्टमध्ये बोटी उतरण्याआधी किनारे साफ करावेत आणि सप्टेंबरच्या यात्रा व विसर्जनाच्या आधी नियोजन जाहीर करावे. पर्यटनाचा कोणताही नवा प्रकल्प मंजूर करताना त्याचा कचरा कुठे जाईल, तो कोण नेईल आणि त्याचे पैसे कोण देईल, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आधी घेतली जावीत. ती गावसभेत वाचून दाखवली जावीत आणि गावाला मान्य असतील तरच परवानगी मिळावी. पर्यटनाचा लाभ बाहेरच्यांना आणि त्याचा भार गावाला ही विभागणी बदलण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.