रानवाटा आणि सायकलचे टायर

सायकल विकत घेतांना रंग, घंटा, कॅरिअर आणि बैठक यांचा विचार घरोघर बारकाईनें होतो. परंतु ज्या दोन रबरी वळ्यांवर सारा प्रवास अवलंबून असतो, त्यांची निवड बहुधा दुकानदाराच्या मर्जीवर सोपविली जाते. शहरांतील डांबरी रस्त्यांवर या हयगयीचा फारसा उपद्रव होत नाहीं. बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशांत मात्र तो पदोपदीं जाणवतो. उत्तरेस गोदावरीची गंगाथडी, दक्षिणेस बालाघाटाचें पठार आणि या दोहोंमध्यें घाटांचे चढउतार. एकाच जिल्ह्यांत जमीन इतकीं भिन्न रूपें धारण करते कीं, एका वाटेवर गुणकारी ठरलेला टायर दुसरीवर केवळ भार होऊन बसतो.

वाडीवस्तीवरून मोठ्या गांवच्या शाळेस जाणाऱ्या मुलींना तर सायकल ही चैन नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यांत आल्या, त्या याच जाणिवेनें. अशा मुलीच्या चाकांतील हवा वाटेंत गेली, तर शाळेचा तो दिवस बुडतो. आणि असे दिवस वरचेवर बुडूं लागले, म्हणजे घरांतील वडील माणसें शाळेचाच फेरविचार करूं लागतात. म्हणून टायरची निवड ही दिसते तितकी क्षुल्लक बाब नव्हे.

हवेच्या टायरचा जन्मच मुळीं एका मुलाच्या सोयीसाठीं झाला. १८४५ मध्यें रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें होतें. पण तें विस्मृतींत गेलें. पुढें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून रबरी नळींत हवा भरून ती चाकांवर बसविली, आणि १८८८ मध्यें तिचें पेटंट घेतलें. बैलगाडीची लोखंडी धांव दगडावरून उडी मारते. हवेचा टायर मात्र दगडास आपल्या अंगांत सामावून घेतो. सारें रहस्य येथेंच आहे.

तें गणितानेंही पटतें. सायकल व स्वार मिळून ७५ किलो वजन धरलें, तर त्यांतील सुमारें ४५ किलो मागील चाकावर पडतें. त्या चाकांत ४५ पौंड दाबाची हवा असेल, तर जमिनीवर टेकणारा भाग सुमारें १४ चौरस सेंटीमीटर भरतो. दाब ३० पौंडांवर आणला, तर तोच २१ चौरस सेंटीमीटर होतो. म्हणजे नवा टायर न घेतांही केवळ हवा कमी करून पकड वाढवितां येते. मात्र याला मर्यादा आहे. अरुंद टायरमध्यें हवा फार कमी केली, तर दगडावर आपटतांच रिम व दगड यांच्या चिमटींत ट्यूब सांपडून फाटते. रुंद टायरला ही सवलत अधिक मिळते, कारण त्यांत हवेचा सांठा मोठा असतो. टायरच्या अंगावर दाबाची मर्यादा छापलेली असते. तिचें उल्लंघन कधींही करूं नये.

आतां जमिनीकडे वळूं या. गेवराई व माजलगांवच्या गंगाथडींतील काळी माती उन्हाळ्यांत दगडासारखी कठीण होते आणि पावसांत फुगून लोण्यासारखी चिकटते. तेथें उंच व एकमेकांपासून दूर असलेल्या उंचवट्यांची नक्षी हवी, म्हणजे चाक फिरतांना चिखल गळून पडतो. दाट नक्षींत तो भरून राहतो व टायर गुळगुळीत होतो. येथें फार रुंद टायरही नडतो. चिमटा, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्यें माती अडकून चाक फिरेनासें होतें. भर पावसांतल्या काळ्या पाणंदीवर मात्र कोणताही टायर विजयी होत नाहीं. लांबच्या पक्क्या रस्त्यानें जाणें किंवा सायकल खांद्यावर घेणें हेंच तेथें शहाणपण.

पाटोदा, आष्टी व केज या बाजूंस जमीन हलकी, मुरमाड आणि खडकाळ. तेथें मध्यम उंचीची, दाट नक्षी आणि जाड बाजू असलेला, १.९५ ते २.१ इंच रुंदीचा टायर उपयोगी पडतो. धारूरच्या घाटासारख्या उतारावर ब्रेक लावतांच सारा भार पुढें सरकतो. म्हणून चांगला टायर नेहमीं पुढील चाकास असावा. झिजतो मात्र मागचा. तो झिजला म्हणजे पुढचा मागें घालून नवा पुढें बसवावा, हा सुरक्षित क्रम होय.

राक्षसभुवनाजवळील गोदाकांठाच्या वाळूंत गोष्ट अगदीं उलटी. तेथें नक्षीपेक्षां रुंदी व कमी दाब यांचें महत्त्व अधिक; अरुंद टायर वाळू कापीत आंत रुततो.

सर्वांत मोठा शत्रू मात्र कांटा. बांधावरची वेडी बाभूळ आणि वाटेवरचा सराटा यांपुढें नक्षीचें कांहीं चालत नाहीं. त्यांना उपाय म्हणजे जाड तळाचा टायर, टायर व ट्यूब यांमध्यें घालण्याची पट्टी, किंवा ट्यूबमध्यें घालण्याचा छिद्र बुजविणारा द्रव. पंक्चर काढल्यावर टायरच्या आंतून कपडा फिरवून राहिलेलें टोंक शोधावें. नाहीं तर नवें ठिगळ दुसऱ्याच दिवशीं व्यर्थ जातें.

ज्या मुलीची वाट निम्मी डांबरी व निम्मी कच्ची आहे, तिला मोठाल्या उंचवट्यांचा रुबाबदार टायर घेऊन देणें ही मायाळू चूक ठरते. डांबरावर ते उंचवटे वांकतात, आवाज करतात, लवकर झिजतात आणि पायांतली शक्ति शोषून घेतात. तिच्यासाठीं मध्यभागीं सलग पट्टा व कडांना उंचवटे असलेला टायर उत्तम.

शेवटीं मापाविषयीं. केवळ "२६ चा टायर" असें सांगून भागत नाहीं. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ हे दोन टायर नांवानें सारखे, पण पहिला ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर दुसरा ५९० च्या. जुन्या २८ × १ १/२ च्या सायकलीस तर ६३५ चें माप लागतें. म्हणून जुन्या टायरवरील हे आंकडे कागदावर उतरवून दुकानांत जावें, आणि दुकानदारास प्रथम वाट सांगावी, मग पैसे विचारावे. पंप, ठिगळें व सोल्यूशन हीं सायकलबरोबरच विकत घ्यावींत आणि तीं वापरावयास मुलीला घरींच शिकवावें. ज्या मुलीला आपलें चाक स्वतः उघडतां येतें, तिची शाळा एका कांट्यासाठीं बुडत नाहीं.