कागदावरची ताकद

(कार्यकर्त्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटी चाकणच्या रात्रपाळीपर्यंतच यायचे आहे.

1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एक पात्र घेतो. पात्राची शक्ती, बुद्धी, चपळाई फासे टाकून ठरते आणि कागदावर आकड्यांत लिहिली जाते. पुढच्या गोष्टीत त्या पात्राला काय जमेल, ते हा कागद आणि फासे ठरवतात.

1978 च्या नियमपुस्तकात लढवय्याला शक्तीचे 18 पडले, की शंभराच्या फाशाने जादा ताकद मिळे. माणसांतल्या पुरुषाला 100 पर्यंत, बाईला मात्र 50 वर थांबायचे! ज्या खेळात आग ओकणारे अजगर चालतात, तिथे एकावन्न ताकदीची बाई चालेना. 1989 च्या आवृत्तीत तो नियम गेला.

आपल्याकडेही असे कागद होते. त्याच 1974 साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' अशी अट होती. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्डावर जाब विचारला आणि नोकरी मिळवली. पुढे त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात गाडीजोडणीचा एक विभाग फक्त बायकांचा झाला. 1948 च्या कारखाने कायद्याने बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कारखान्यात काम करायला बंदी होती. महाराष्ट्राने 2015 साली दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या आणि वाहतुकीच्या अटींवर रात्रपाळी खुली केली.

पण नुसती मर्यादा उठली म्हणजे झाले का? इथे दुसरा एक खेळ उपयोगी पडतो. 2009 च्या 'फियास्को'त ताकदीचे आकडेच नाहीत. शेजारी बसलेल्या दोघांचे नाते आधी ठरते, पात्रे त्यातून घडतात. नाते दोघांच्या मधे असते, एकट्याच्या मालकीचे नसते.

चाकणजवळच्या एका वस्तीत आम्ही हेच करून पाहिले. कंत्राटावर काम करणाऱ्या एकीने 'माझी ताकद' हा रकाना कोराच ठेवला. मग आम्ही ठेकेदाराचा प्रसंग उभा केला: "उद्यापासून रात्रपाळी, नाहीतर घरी बस." ती मान खाली घालून उभी राहिली. दुसऱ्या खेपेला शेजारणींशी असलेली नाती आधी लिहायला सांगितली. उजवीकडची तिच्याच खोलीत भाड्याने राहते. डावीकडचीची मुलगी ही रोज बालवाडीत सोडते. प्रसंग तोच, पण आता ती म्हणाली, "गाडी दारापर्यंत येणार का? आम्ही तिघी विचारतोय."

पुढच्या आठवड्यात तिघींनी खरोखरच विचारले. गाडी मिळाली, पण हमरस्त्यापर्यंतच. आतली अंधारी वाट अजून तशीच आहे. ती आपल्याला पुढे लढवायची आहे.

उद्या रात्रपाळीच्या संमतीचा कागद कुणापुढे आला, तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. हा कागद कुणी लिहिला? आणि सही करताना माझ्या उजव्या-डाव्या हाताला कोण आहे?

चला, आता कोरे कागद घ्या आणि आधी शेजारणीचे नाव लिहा.