किल्ली हातात द्यायची



  

या अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून मी परिचर्येच्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असं मला पत्राने कळवलं होतं. तो लिहून झाला होता. काल रात्री मी तो पिशवीत परत ठेवला. पत्रिकेवर अधिवेशनाचा विषय छापला आहे, ‘कामात आणि जीवनात मनाची खंबीरता’, आणि ‘खंबीरता’ या शब्दाबद्दल मला कित्येक वर्षं काही बोलायचं आहे.

नोकरीचं सहावं वर्ष. मुलांचा वॉर्ड, पावसाळा, गॅस्ट्रोची साथ. एकेका खाटेवर दोन-दोन मुलं, खाली गाद्यांवर आणखी. नाईटला मी एकटी. पहाटे तीनच्या सुमारास तेवीस नंबरच्या बाळाची शीर सापडेना. डॉक्टरांना कॉल पाठवला होता, ते लेबर रूममध्ये अडकले होते. तेवढ्यात वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला एका मुलीला झटके सुरू झाले. मी तिकडे धावले. परत आले तेव्हा तेवीस नंबरची आई बाळाला पदराने वारा घालत होती. तिला कळलं नव्हतं. मला कळलं.

आठवड्याने मी अर्ज केला: रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्यावी. उत्तर आलं. परिचारिकेने व्यवसायाची गरज म्हणून आपलं मन खंबीर करावं. एवढंच. खाली जावक क्रमांक आणि सही. मी माणूस मागितलं होतं, मला उपदेश मिळाला. पुढे त्याच उपदेशाची प्रशिक्षणं झाली, प्रमाणपत्रं आली, आता प्राणायामाचं सत्रही असतं. प्राणायाम मीही करते. पण सत्र सुरू असताना मागे वॉर्डमध्ये जी एकटी थांबलेली असते, तिचा श्वास कोण मोजतं?

मी त्या पहाटेनंतर टिकले, ती त्या कागदामुळे नाही. साडेसातला आमच्या इनचार्ज बाई ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घ्यायला आल्या. मला जवळ घेतलं नाही, रडू नकोस म्हणाल्या नाहीत. पहिल्या खाटेपासून नेहमीसारखं ओव्हर घेतलं. तेवीस नंबरला थांबल्या. किती वाजता? तेव्हा तू कुठे होतीस? मी सांगितलं. मग माझा हात धरून त्या मला झटके आलेल्या मुलीच्या खाटेशी घेऊन गेल्या. ती झोपली होती. बाईंनी माझी बोटं तिच्या मनगटावर ठेवली आणि म्हणाल्या, मोज. पूर्ण एक मिनिट. मी मोजलं. तोवर त्या शेजारी उभ्या होत्या. नंतर त्यांनी औषधांच्या कपाटाची किल्ली मागितली. मी ती टेबलावर ठेवली. त्यांनी ती मला उचलायला लावली. “टेबलावर ठेवायची नाही, हातात द्यायची. म्हणजे आता ते माझं.”

भगिनींनो, छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला खंबीरतेबद्दल एवढंच कळलं आहे. ती अशी हातातून हातात येते. समोर हातच नसेल, तर एकटीने किती वेळ मूठ आवळून राहायचं?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात काय घडलं ते आठवा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं अंथरुणावर, आणि इतक्या वर्षांत अंगावर बेडसोअर नाही! त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पण बेचाळीस वर्षं एकच परिचारिका ड्युटीवर नव्हती. हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी शेवटी शेवटी त्यांची काळजी घेतली. मॉर्निंगने इव्हिनिंगला सांगितलं, इव्हिनिंगने नाईटला. याला मी खंबीरता म्हणते. ती त्यांच्यातल्या कुणा एकीच्या मनात शोधू नका.

आजकालच्या मुली टिकत नाहीत, असं सकाळच्या चर्चासत्रात ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या. मला हे मान्य नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत आमच्याकडे बावीस वर्षांची एक कंत्राटी मुलगी होती. पीपीई किटमध्ये सहा तास पाण्याचा घोट नाही. एका आजोबांचे नातेवाईक येऊ शकत नव्हते, तर हिने शेवटपर्यंत त्यांच्या कानाशी फोन धरला. चार महिन्यांनी कंत्राट संपलं आणि तिला घरी पाठवलं. ती टिकली नाही की आपण तिला टिकवलं नाही?

बारा तासांची ड्युटी बरी की आठ, हाही वाद रंगला. पुरात रिलीव्हर पोचली नाही म्हणून मी एकदा सव्वीस तास उभी होते. एकोणिसाव्या तासाला इंजेक्शन भरून भलत्याच खाटेशी गेले. पेशंटच्या मुलीने विचारलं, “सिस्टर, हे बाबांचंच ना?” तिने विचारलं म्हणून ते कुटुंब आज मला नमस्कार करतं. माझं मन त्या वेळी अगदी खंबीर होतं, झोप येत नव्हती, थकवाही जाणवत नव्हता. आठ तास. माझ्यापुरता वाद तिथेच संपला.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक, असा आहे. या सभागृहात बसलेल्या किती जणींनी तो वॉर्डमध्ये पाहिला आहे? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे.

पुढच्या वर्षासाठी मी दोन-तीन गोष्टी सुचवते. ओव्हरची पंधरा मिनिटं ड्युटीच्या वेळेत धरली जावीत. आज ती आपण पदरची देतो आणि गडबडीत उरकतो. नव्या मुलीला पहिले सहा महिने एकटीने नाईट नको. वॉर्डमध्ये मृत्यू झाला तर त्या दिवशीचं ओव्हर इनचार्जने स्वतः घ्यावं. हे कसं बसवायचं, कोणत्या कार्यालयात लावून धरायचं, ते कार्यकारिणी ठरवेल. मी येईन, जिथे बोलवाल तिथे.

माझ्या अर्जाच्या उत्तराचा तो कागद मी आज बरोबर आणला आहे. घड्यांवर फाटलाय, पण सही वाचता येते. ठरावाचा मसुदा ज्या मुली लिहिणार आहेत, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे यावं. टेबलावर ठेवून जाणार नाही. हातात देईन.