गाव बदललं, गोळीचं काय?

बदली नवऱ्याची होते, बिऱ्हाड बाई हलवते. पण तिचा डॉक्टर काही सामानाबरोबर येत नाही. मला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, कामं अर्धवट राहतात. निदान होईपर्यंत मी नुसती ‘धांदरट’ होते! पुण्याहून लातूरला आले तेव्हा मिथाइलफेनिडेटच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. ही गोळी 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे. त्यामुळे 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार जुन्या डॉक्टरांना ती फोनवरून लिहून देता येत नाही.

इथले पहिले डॉक्टर हसले. “हा लहान मुलांचा आजार. मिस्टरांना घेऊन या, मग बोलू.” सज्ञान, नोकरी करणाऱ्या बाईला हे उत्तर! दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र फाइल वाचली, डोस विचारला, रक्तदाब, वजन, झोप सगळं पाहिलं. फाइल मी पुण्यातून निघतानाच मागून घेतली होती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 25 तो हक्क देतं. नवऱ्याची सही लागत नाही.

आमच्या गटातल्या दोघींनी आता आपापले कागद मागितलेत. एकीला मिळाले. दुसरीच्या दवाखान्यात सोमवारी आम्ही सगळ्या जातोय.